बांधावरचं गवत, चुलीतला धूर आणि चोंदलेलं नाक

पाऊस ओसरू लागला की दौंड जंक्शनच्या रुळांलगत, मुठा उजव्या कालव्याच्या भरावावर, शिरूरच्या पडीक जागांत आणि केडगाव, पाटस, न्हावरे, तळेगाव ढमढेरे इथल्या बांधांवर एकच झाड माजलेलं दिसतं. कंबरेएवढी उंची, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं, शेंड्याला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके. कुणी त्याला गाजरगवत म्हणतं, कुणी काँग्रेस, कुणी चटकचांदणी. त्याच दिवसांत गावोगावच्या दवाखान्यांत तीच तीच तक्रार येते: सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, डोळ्यांना खाज, नाक बंद, कपाळ आणि गालांची हाडं ठणकतात, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो. कुणी म्हणतं सर्दी, कुणी म्हणतं सायनस. वर्षानुवर्षं औषधं चालू असतात आणि पुढच्या भाद्रपदात दुखणं पुन्हा दारात उभं असतं.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि इथे येईपर्यंत ढग रिते होतात. त्यामुळे धूळ इथल्या माणसाच्या पाचवीला पुजलेली. बाजरी आणि जोंधळा हीच मुख्य पिकं होती त्या काळात खळ्यावर बैलांच्या पायाखाली कणसं तुडवली जायची आणि वाऱ्यावर उपणणी चालायची. उपणणाऱ्याच्या अंगावर, डोळ्यांत, नाकात भुसकट आणि कुसळं बसायची. खळ्यावरून आलेला माणूस चार दिवस शिंकणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं असे.

त्यावरचे उपाय घरातच होते. वेखंड किंवा सुंठ सहाणेवर उगाळून कपाळाला लेप लावायचा. तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगायची. रात्री निजताना नाकात साजूक तुपाचे दोन थेंब सोडायचे. डोक्यावरून चादर घेऊन वाफारा घ्यायचा. वयस्क माणसं तपकिरीची चिमूट ओढायची आणि दोन सणसणीत शिंकांनी नाक मोकळं झाल्याचं समाधान मानायची, पण तंबाखूची ती पूड नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला इजाच करत होती. १८९३ मध्ये मुंबईत नागेश्वरराव पंतुलूंनी अमृतांजन बाजारात आणलं आणि पुढे बामची डबी देवळीत कायमची येऊन बसली. अशा बाममधला मेंथॉल नाकातल्या थंडी जाणणाऱ्या तंतूंना चेतवतो. त्यामुळे नाक उघडल्यासारखं वाटतं, सूज मात्र आहे तशीच राहते. वाफेने घट्ट झालेला शेंबूड सैल होतो, उबेने ठणका कमी होतो. हे उपाय खोटे नव्हते. त्यांनी त्या रात्रीची झोप दिली.

पुणे जिल्ह्यातच दुसऱ्या टोकाला, लोणावळ्यात, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं. योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहायच्या, हा त्यांचा आग्रह होता. हठयोगातली जलनेती, म्हणजे कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढणं, अशा संस्थांमुळे मठाबाहेर सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये डॉ. डेव्हिड राबागो यांच्या गटाने सायनसच्या जुनाट त्रासाच्या रुग्णांवर सहा महिने चाचणी घेतली. मिठाच्या पाण्याने रोज नाक धुणाऱ्यांची लक्षणं कमी झाली आणि औषधंही कमी लागली. पाण्याबरोबर धूळ, परागकण आणि साचलेला चिकट स्राव वाहून जातो, एवढं साधं हे गणित आहे. मात्र पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे नाकावाटे अमीबा मेंदूत जाऊन दोघांचा मृत्यू झाला होता. कालव्याचं आणि बोअरचं पाणी वापरणाऱ्या गावांनी हे विसरून चालणार नाही. अर्धा लिटर उकळलेल्या पाण्याला जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ पुरतं.

पण गेल्या सत्तर वर्षांत या भागातली हवाच बदलली. त्या बदलातला एक मोठा धागा पुण्याच्या उकिरड्यावरून सुरू होतो.

गाजरगवताचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश. १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी ते भारतासाठी नवीन वनस्पती म्हणून नोंदवलं. ही झाडं पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर तुरळक दिसली होती. त्याआधी १९५१ मध्येच प्रा. परांजपे यांच्या नजरेला ती पडली होती, असाही उल्लेख वनस्पतिशास्त्राच्या लिखाणात येतो. अमेरिकेच्या पी. एल. ४८० या अन्नमदत योजनेतल्या गव्हाबरोबर हे गवत आलं, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. तारखा पाहिल्या तर ती तशीच्या तशी टिकत नाही. पी. एल. ४८० चा कायदा १९५४ चा आणि भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, म्हणजे गवत दिसल्यानंतरचा. मात्र १९५१ च्या अन्नटंचाईत अमेरिकेने कर्जावर वीस लाख टन धान्य दिलं होतं, त्यामुळे आयात धान्याचा संशय पुसला जात नाही. शिवाय वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या १८१४ मधल्या कलकत्त्याच्या उद्यान-यादीतही पार्थेनियमचं नाव असल्याचं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. झाड देशात आधी आलेलं असू शकतं. त्याचा फैलाव मात्र याच काळात, पुण्यापासून सुरू झाला.

फैलावाला वाटा तयार होत्या. दौंड हे जुनं जंक्शन. पुण्याहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे इथून १८५० च्या दशकाअखेरीस धावू लागली आणि १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग तिला जोडला गेला. मालगाड्या, धान्याची पोती, खडीचे ढीग, कालव्याचं वाहतं पाणी, चाकांना चिकटलेला चिखल यांतून मिलिमीटरभर आकाराचं काळं बी कुठेही जाऊ शकतं. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात. ओल मिळाली की ते कोणत्याही ऋतूत उगवतं, मुळांतून आणि पानांतून सोडलेल्या द्रव्यांनी शेजारच्या रोपांना वाढू देत नाही. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि खाल्लंच तर दूध कडवट लागतं.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. शेतं ओस पडली, माणसं पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर खडी फोडायला गेली, घरात मिलो नावाच्या आयात लाल ज्वारीच्या भाकरी भाजल्या गेल्या. उकरलेली, उघडी, बेवारस जमीन गाजरगवताला सगळ्यात जास्त मानवते, आणि त्या वर्षांत अशा जमिनीला तोटा नव्हता.

माणसाला या झाडाचा त्रास आधी त्वचेवर दिसला. १९६८ मध्ये ए. लोणकर आणि एम. के. जोग यांनी गाजरगवतामुळे झालेल्या त्वचादाहाची नोंद भारतीय त्वचारोग नियतकालिकात केली. उघड्या अंगाने राबणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या खोबणी लाल होऊन चिघळत. १९७६ मध्ये लोणकर यांनी बी. ए. नागसंपगी आणि इतर रसायनतज्ज्ञांसोबत या झाडातल्या ॲलर्जीकारक द्रव्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पार्थेनिन हे त्यातलं मुख्य द्रव्य. झाडाचे सुकलेले कण हवेत उडाले तरी ते त्वचेला भोवतं.

नाकाचा हिशेब लागायला आणखी वेळ गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पी. व्ही. सुब्बाराव यांच्या गटाने १९९१ मध्ये रुग्णांच्या त्वचेवर परागकणांच्या चाचण्या करून दाखवलं की तिथल्या नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांपैकी साधारण तिघांत एकाला गाजरगवताचे पराग सोसत नाहीत. एक झाड सरासरी बासष्ट कोटी परागकण तयार करतं, अशी गणनाही बंगळुरूच्याच अभ्यासकांनी केली होती. शरीर या कणांना शत्रू समजतं, नाकाच्या आतल्या पेशी हिस्टामिन सोडतात, अस्तर सुजतं. कपाळ आणि गालांच्या हाडांतल्या पोकळ्यांची तोंडं नाकात उघडतात. सुजेने ती बुजली की आत स्राव साचतो, आणि ज्याला आपण सायनस म्हणतो तो त्रास मागे लागतो.

हवेत नक्की काय आहे हे मोजणारं यंत्र मराठी मुलखातच घडलं. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. टी. टिळक यांनी बनवलेला हवा-नमुनासंग्राहक ‘टिळक एअर सँपलर’ म्हणून देशभर वापरला गेला. आत हळूहळू फिरणारं ढोलकं, त्यावर पेट्रोलियम जेली लावलेली पारदर्शक पट्टी. मोटर मिनिटाला ठरावीक हवा ओढते, हवेतले कण पट्टीला चिकटतात आणि आठ दिवसांनी पट्टी उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली की कोणत्या दिवशी कोणते पराग आणि कोणत्या बुरशीची बीजं उडत होती, ते वाचता येतं. नुसती ‘धूळ’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीला तिथे तारीख आणि नाव मिळालं.

सगळा दोष गाजरगवताच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. भीमेच्या काठाने माजलेल्या वेड्या बाभळीचे पराग हे भारतभर नोंदलेलं ॲलर्जीचं कारण आहे. फुलोऱ्यात आलेली तृणधान्यं आहेत, गोदामातली बुरशी आहे, गोधडीतले डोळ्यांना न दिसणारे किडे आहेत. कालव्यांनी दौंडला ऊस दिला, घोड धरणाने शिरूरच्या काही भागाला. उसामागून गुऱ्हाळांचा धूर आला आणि तोडणीनंतर शेतात पेटवलेलं पाचट आलं. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहती आल्या. आणि सगळ्यांत जुना धूर तर घरातच होता.

त्याचा परिणाम मोजण्याचं काम शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला झालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७७ च्या सुमारास तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याच्या त्या कामाची दखल पुढे १९९३ च्या मॅगसेसे पुरस्कारानेही घेतली. २००२ पासून शिरूर आणि हवेलीतल्या बावीस गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू, स्थलांतर आणि आजार यांची सलग नोंद सुरू झाली. याच गावांत फुंकून श्वासाची ताकद मोजणाऱ्या यंत्राने पाहण्या झाल्या, तेव्हा श्वासनलिका अरुंद झालेल्यांत आयुष्यात कधी बिडी न ओढलेली माणसं मोठ्या संख्येने निघाली. सरपण आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे वर्षानुवर्षं फुंकणीने जाळ करणाऱ्या बाईच्या खोकल्याकडे आजार म्हणून पाहण्याचं शास्त्र पुणे जिल्ह्यातल्या अशाच अभ्यासांनी भक्कम केलं. धुराने सुजलेलं नाक परागांनाही लवकर बळी पडतं.

औषधांनीही या काळात मोठा पल्ला गाठला. खेड्यात ॲव्हिलची गोळी सगळ्यांच्या ओळखीची, पण ती घेऊन मोटारसायकलवर पेंग येते. त्यामानाने सेटिरिझिनने झोप कमी येते. नाकात मारायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याला लोक नावानेच घाबरतात. खरं तर योग्य मात्रेत तोच सुजेच्या मुळावर काम करतो, फक्त रोज आणि काही आठवडे नेमाने घ्यावा लागतो. उलट दुकानातून आणलेले नाक झटक्यात उघडणारे थेंब चार-पाच दिवसांहून जास्त वापरले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये परागांचाच अर्क थोडा थोडा वाढवत टोचण्याची पद्धत मांडली. तीच आज शहरांतल्या ॲलर्जी केंद्रांत, आधी त्वचेची चाचणी घेऊन, वापरली जाते. एकाच बाजूने नाक बंद, रक्त, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्याभोवती सूज असेल तर मात्र घरगुती उपायांत दिवस न घालवता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवं.

एवढं सगळं हाताशी असूनही या दोन तालुक्यांत नाकाचं दुखणं ज्याचं त्याने एकट्याने सोसायचं, अशीच रीत राहिली आहे. वेखंडापासून फवाऱ्यापर्यंतचा प्रत्येक उपाय एका माणसाचा आहे. कारणं मात्र सगळ्या गावाची आहेत, आणि त्यांवर गावाने मिळून केलेले उपायही ठाऊक झालेले आहेत. १९८४ मध्ये बंगळुरूजवळ कीटकशास्त्रज्ञ के. पी. जयंत यांनी मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगे गाजरगवतावर सोडले. ते सूर्यफूल खातात अशी ओरड मध्यंतरी झाली, त्यांच्यावर बंदी आली, चौकशी झाली आणि ती बंदी उठली. पावसाळ्यात त्यांच्या अळ्या पानांचा फडशा पाडतात. तरोट्याचं बी टाकलं तर ते गाजरगवताची जागा घेतं. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवत निर्मूलनासाठी देशभर पाळतं.

अडचण हद्दीची आहे. रुळांलगतची पट्टी रेल्वेची, कालव्याचा भराव जलसंपदा विभागाचा, रस्त्याची कड बांधकाम खात्याची, गावठाण ग्रामपंचायतीचं आणि बांध शेतकऱ्याचा. एकाने उपटलं आणि चौघांनी सोडलं तर पुढच्या ओलीला बी परत येतं. म्हणून दौंड-शिरूरच्या ग्रामसभांनी ऑगस्टच्या आधीच या सगळ्यांना एका तारखेला बोलवायला हवं. हातमोजे घालून, नाक-तोंड बांधून, पाऊस झिरपून माती भुसभुशीत असताना, फुलं यायच्या आत मुळासकट उपटलेलं गाजरगवत शेणाबरोबर खड्ड्यात कुजवलं की त्याचं चांगलं खत होतं. पांढरे झुबके दिसू लागल्यावर हात घातला तर पराग उपटणाऱ्याच्याच नाकात जातात.