‘आर्टिस्ट्‌स इम्प्रेशन’ ही संज्ञा आणि ड्यूररचा गेंडा

ज्या वस्तूचे अस्तित्व निर्विवाद आहे, पण जिचे प्रत्यक्ष दर्शन शक्य नाही, तिच्या चित्राखाली इंग्रजीत ‘आर्टिस्ट्‌स इम्प्रेशन’ असे लिहिण्याचा प्रघात आहे. २०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीचे सात ग्रह जाहीर झाले, तेव्हा प्रसिद्ध झालेली त्यांची चित्रे याच प्रकारची होती. ग्रह कोणी पाहिले नव्हते. ते ताऱ्यासमोरून जाताना प्रकाशात होणारी अल्पशी घट तेवढी मोजली गेली होती. मराठीत अशा वेळी ‘काल्पनिक चित्र’ म्हटले, तर वस्तूच काल्पनिक असल्याचा भास होतो. वस्तुतः येथे वस्तू खरी असते, कल्पिलेले असते ते तिचे रूप.

ही कबुली नसल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे आल्ब्रेख्त ड्यूररचा गेंडा होय. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कला गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो राजा मॅन्युएलकडे पाठविला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला, तेव्हा ड्यूरर न्यूरेंबर्गमध्ये होता. एक वर्णन व एक रेखाटन एवढ्याच आधारावर त्याने काष्ठठशाचे चित्र तयार केले. अंगावर चिलखतासारखे पत्रे, पायांवर खवले आणि पाठीवर एक जादा शिंग! सोबतच्या मजकुरात मात्र प्राण्याचे यथार्थ रूप दिल्याचा दावा आहे. ड्यूररला खोटारडा ठरविणे अन्यायाचे होईल. कातडीच्या घड्यांचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला. परंतु १५५१ मध्ये गेस्नरने हेच चित्र आपल्या प्राणिग्रंथात घेतले आणि कल्पनेला शास्त्राचा दर्जा मिळाला. खरा गेंडा पोपकडे जाताना १५१६ च्या प्रारंभी जहाजासह बुडाला. कागदावरचा मात्र दोन शतके टिकला. १७४१ पासून ‘क्लारा’ ही गेंड्याची मादी युरोपभर फिरविण्यात आली आणि १७४९ मध्ये ऊद्रीने तिला समोर पाहून रंगविले, तेव्हा कोठे त्याचा प्रभाव ओसरू लागला.

रायगडावरील ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाचे म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांचे चित्र प्राध्यापकांच्या परिचयाचे आहे. समारंभास उपस्थित असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनची नोंद उपलब्ध आहे. चित्रातील कोणता भाग अशा नोंदींतून आला व कोणता धुरंधरांच्या कल्पनेतून, हे त्याखालील ‘शिवराज्याभिषेक’ एवढ्याच शब्दावरून विद्यार्थ्याला कळत नाही.