वीणाधारी मारुती

मारुतीस आपण शेंदरावरून ओळखतो. गावाच्या वेशीवर, तालमीच्या कोनाड्यात, गडाच्या दरवाजाशी तो उभा; हाती गदा नाही तर द्रोणागिरी, पायाखाली पनवती. नोकरीनिमित्त तंजावर प्रांती आलेला महाराष्ट्रीय कुंभकोणम्‌च्या रामस्वामी मंदिरात शिरतो आणि रामसीतेच्या सन्निध आपला हा मल्ल एका हाती वीणा व दुसऱ्या हाती रामायणाची पोथी घेतलेला पाहून चक्रावतो. मारुतीचा मी लहानपणापासूनचा चाहता. पण हे रूप पचनी पडायला मलाही वेळ लागला.

हे मंदिर नायक राजांचा प्रधान गोविंद दीक्षित याने बांधविले. दीक्षित हा 'संगीतसुधा' ग्रंथाचा कर्ता मानला जातो. त्याचा धनी रघुनाथ नायक (१६००–१६३४) स्वतः तेलुगूत रामायण रचणारा, आणि चोवीस पक्क्या पडद्यांच्या तंजावरी वीणेचे श्रेयही परंपरा त्यालाच देते. दीक्षितपुत्र वेंकटमखी याने पुढे बहात्तर मेळांची मांडणी केली. अशा दरबारात मारुतीच्या हाती गदेऐवजी वीणा आली, यात नवल ते काय? जुन्या संगीतशास्त्रातही आंजनेय हा एका मताचा आचार्य आहेच.

शिवाय ही काही दाक्षिणात्यांची पदरची भर नव्हे. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडात हनुमंत रामासमोर प्रथम येतो तो भिक्षूच्या वेषात, बोलण्यासाठी. आणि वेद व व्याकरण न शिकलेल्याला असे बोलता येणार नाही, असा शेरा राम लक्ष्मणाजवळ मारतो. कुंभकोणम्‌पासून फार दूर नसलेल्या तेरळुंदूरचा कंबन तर त्याला वाणीचा धनी म्हणतो. म्हणजे पराक्रमाच्या आधी वाचा आहे; समुद्रोड्डाण नंतरचे.

मग आपल्याकडे बाहूच तेवढे का उरले? रघुनाथ नायकाची कारकीर्द संपल्यावर दहा-पंधरा वर्षांतच समर्थ रामदासांनी कृष्णाकाठच्या मुलखात अकरा मारुतींच्या स्थापनेस आरंभ केला. त्यांच्यापुढे संगीतसभा नव्हती, गांजलेला मुलूख होता. त्यांना दंड थोपटणारा देव हवा होता आणि त्यांनी तो दिला. एकच नायक, एकच शतक. पण गरजा दोन.

या दोघांची गाठ पडली ती तंजावरातच. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे येथे आले, त्यांच्यामागून रामदासी मठ आले आणि मराठी कीर्तनही. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) यांनी साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तमिळ हरिकथेत रुळविले. कथेच्या मंचावर मारुतीला नुसते उड्डाण करून भागत नाही, गावे लागते.

पुढे यंत्रयुगाने त्याला पुन्हा मुका केला. दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन' (१९१७) मध्ये गणपत शिंदे मारुती झाले. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके. मद्रासेस या चित्रपटाचा गल्ला बैलगाडीतून न्यावा लागला, अशी आठवण सांगतात. वाणीच्या धन्याचा हा विजय मूकपटात व्हावा, ही गंमतच! १९८७ साली दूरदर्शनवर दारासिंग आले: मारुती बोलू लागला, पण लक्षात राहिला तो पैलवानच. १९६७ पासून निघालेल्या 'अमर चित्र कथे'ने आणि २००५ च्या 'हनुमान' या व्यंगपटानेही शेपटीची आग अधिक रंगविली. आमच्या पोराबाळांना तोच मारुती ठाऊक असावा याचे मला वाईट वाटते. बदल्यांच्या गावी वाढलेल्या, घरी एक भाषा आणि शाळेत दुसऱ्या दोन बोलणाऱ्या मुलांना गदेपेक्षा ती भिक्षूची वाणी अधिक जवळची वाटेल, असे आपले माझे मत.

आणि चित्रकथा हवीच असेल तर ती याच मंदिरात आहे. प्राकाराच्या भिंतींवर अवघे रामायण चौकटीचौकटींनी, एकाखाली एक अशा तीन ओळींत रंगविलेले आहे. एक प्रदक्षिणा घातली की एक ओळ संपते. संपूर्ण कथा वाचायची तर तीन फेरे घालावे लागतात. इकडे हनुमज्जयंती चैत्री पौर्णिमेला नसून मार्गळी महिन्यात मूळ नक्षत्रावर असते. तेव्हा वड्यांची माळ ल्यालेला मारुतीही पाहून घ्यावा आणि बदलीचा हुकूम येण्यापूर्वी मुलांना घेऊन ते तीन फेरे घालावे. मान वर करून पाहावे लागते. दुसऱ्या फेरीला मुले कुरकुरतात.