हलवाऱ्याची हवाई गस्त, ६ सप्टेंबर १९६५

१९६५च्या भारत-पाक युद्धात भारतीय हवाई दल १ सप्टेंबरला उतरले. छांब भागात पाकिस्तानी रणगाडे अखनूरच्या रोखाने सरकत असताना संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई दलाच्या वापरास तातडीने संमती दिली. त्याच सायंकाळी धाडलेल्या जुन्या व्हॅम्पायर विमानांपैकी चार पडली. ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडताच पाकिस्तानी हवाई दलाने आधीपासून आखलेला बेत अमलात आणला : दिवस मावळता मावळता जमिनीलगत उडत, रडारच्या नजरेखालून पंजाबातील तळ गाठायचे आणि विमाने उभ्या जागीच जाळायची.

पठाणकोटला हा बेत साधला. बचावासाठी आकाशात एकही विमान नव्हते आणि दहा विमाने धावपट्टीलगतच नष्ट झाली. त्यांत नव्याने दाखल झालेली दोन मिग-२१ होती. खाली झेपावत आलेले सेबर विमान मिनिटाला साधारण पंधरा किलोमीटर कापते, त्यामुळे इशारा मिळाल्यावर इंजिन सुरू करून वर चढण्याइतकी सवड बचाव करणाऱ्याला उरत नाही. यावर उपाय हवाई गस्तीचा, म्हणजे शत्रू दिसण्यापूर्वीच लढाऊ विमाने जोडीने तळाभोवती फिरती ठेवण्याचा. इंधन आणि वैमानिकांचा थकवा या दोन्ही दृष्टींनी तो महागडाच.

हलवाऱ्याला ही गस्त होती. सर्फराज रफीकी यांच्या नेतृत्वाखाली तीन सेबर विमाने आली, तेव्हा ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर पी. एस. पिंगळे आणि ए. आर. गांधी हंटर विमानांतून घिरट्या घालत होते. मागून आलेल्या माऱ्याने पिंगळे यांचे विमान कोसळले. गांधी यांनी वळून एका सेबरवर तोफा डागल्या, पण त्यांचेही विमान पडले. दोघेही हवाई छत्रीने सुखरूप उतरले. तेवढ्यात २७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे डी. एन. राठोड आणि अगदी नवखे व्ही. के. नेब यांनी उरलेल्या सेबर विमानांना गाठले. रफीकी आणि युनूस हुसेन ठार झाले, सेसिल चौधरी परतले. भारताने तीन विमाने पाडल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात पडली दोन. अशा झटापटीत एकाच विमानावर दोघांनी हक्क सांगणे स्वाभाविक असते, म्हणून दाव्यांपेक्षा न परतलेल्या वैमानिकांची नोंद अधिक विश्वसनीय मानावी लागते. तिसऱ्या सेबरची वजाबाकी केल्याने या चौघांच्या कामगिरीला तसूभरही उणेपणा येत नाही, कारण हलवाऱ्याचे पठाणकोट झाले नाही ते त्यांच्यामुळेच.

दहाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, पिंगळे पुन्हा हंटरमध्ये होते. त्या चकमकीत त्यांचे सहकारी एफ. डी. बुनशा मारले गेले. पिंगळे यांनी मात्र एक सेबर पाडले आणि त्याचा वैमानिक युद्धकैदी झाला. या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळाले.