आधी नाद, मग गोष्ट

लहानपणी आमच्या सांगलीच्या घरी रेडिओवर धारवाड केंद्र लागायचं. कन्नडचा एक शब्द मला कळत नसे. तरी तिथली गाणी ऐकताना मी मनानंच गोष्टी रचायचो. कुणी राजा रुसून निघालाय, कुणी मुलगी नदीकाठी वाट पाहत थांबलीय. आई म्हणायची, "कळत नाही ते काय ऐकत बसतोस?" याचं उत्तर मला फार उशिरा, एका इंग्रज प्राध्यापकाच्या चरित्रात सापडलं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे जे. आर. आर. टॉल्किन १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत जन्मले आणि इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या परिसरात वाढले. वडील लवकर गेले. आई मुलांना घेऊन राहायची त्या एका घरामागून रेल्वे जाई. तिथं उभ्या असलेल्या कोळशाच्या वाघिणींवर वेल्समधल्या गावांची अनोळखी नावं रंगवलेली असत. पोराला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, उच्चारही येत नव्हता. पण ती अक्षरं मनात घर करून राहिली.

पुढे ऑक्सफर्डमध्ये कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांना फिनिश भाषेचं व्याकरण सापडलं. अपूर्व चवीच्या वाइननं भरलेलं तळघरच गवसावं, तसा तो आनंद होता, असं त्यांनी नंतर लिहिलं. नेमलेला अभ्यास मागे पडला आणि फिनिशच्या नादावर स्वतःची एक भाषा घडू लागली.

या फिनिशचीही एक कहाणी आहे. एकोणिसाव्या शतकात फिनलंडवर रशियाची सत्ता होती आणि शिकलेल्यांची भाषा होती स्वीडिश. फिनिश उरली शेतकऱ्यांच्या तोंडी. एलियास ल्योनरोट नावाच्या डॉक्टरनं खेडोपाडी हिंडून गायकांकडून जुनी गाणी उतरवून घेतली आणि ती गुंफून १८३५ मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य सिद्ध केलं. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत त्याची ५० गाणी झाली. त्यातल्या कुल्लेर्वो या दुर्दैवी तरुणावर सिबेलियसनं १८९२ मध्ये वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली. १९१४ मध्ये टॉल्किननी त्याचीच गोष्ट आपल्या पद्धतीनं लिहायला घेतली. ती अपुरी राहिली. पण त्यांच्या तुरिन या शोकात्म नायकाचं मूळ तिथंच आहे.

मग महायुद्ध आलं. शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांपैकी दोघे १९१६ मध्ये गेले. टॉल्किन स्वतः सोमच्या रणभूमीवरून तापानं आजारी होऊन परतले. त्या आजारपणाच्या काळात त्यांनी एका वैभवशाली नगराच्या पाडावाची कथा लिहिली. त्यानंतर काही वर्षांतच लिहिली सृष्टीच्या उत्पत्तीची कथा. तिच्यात जग जन्मतं ते गाण्यातून. एक गायक हट्टानं आपलाच बेसूर मिसळतो. पण निर्माता तो बेसूरही मूळ गाण्यात सामावून घेतो. दोन मित्र गमावलेल्या माणसाला हे सुचावं, याचं मला नवल वाटत नाही.

भाषा रचण्याच्या या नादाची त्यांना थोडी लाजही वाटे. १९३१ च्या एका व्याख्यानात त्यांनी तो आपला 'गुप्त दुर्गुण' म्हणून कबूल केला. १९५४-५५ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आल्यावर ते सांगत राहिले, की भाषा आधी होत्या. त्यांना नांदायला जग हवं म्हणून गोष्टी आल्या. अनेकांना ते खरं वाटेना. मला मात्र लगेच पटलं, कारण मी धारवाड केंद्र ऐकलं होतं.

आई आज नाही. असती तर तिला सांगितलं असतं, की कळत नव्हतं म्हणूनच गोष्ट सुचत होती. तुमच्या घरी आजी मालवणीत किंवा अहिराणीत काही गुणगुणत असेल, तर जवळ बसलेल्या नातवंडाला अभ्यासासाठी लगेच उठवू नका. त्याला अर्थ नंतर कळेल. तोवर ऐकू द्या.