सोवळ्यातून शुश्रूषेकडे

माझी एक आत्या नर्स होती. घरात पाहुण्यांसमोर तिचा विषय निघाला की मोठी माणसे "ती सरकारी नोकरीत असते" एवढेच सांगत. आत्याला हे ठाऊक होते. एकदा ती हसत म्हणाली, "नानांचं शेवटचं दुखणं मीच काढलं. तेव्हा नाही कुणाला माझी नोकरी आड आली!" पुढे पुण्याच्या सेवासदनाविषयी वाचू लागलो, तेव्हा तिच्या या बोलण्याचे मूळ किती मागे जाते ते उमगले.

परिचारिका-शिक्षणाचा इतिहास आपण सहसा १८६० सालापासून सांगतो. त्या वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा सुरू झाली. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी आपल्याकडेही, मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन रुग्णालयात हे शिक्षण मिळू लागले. म्हणजे शाळेची कल्पना येथे पोचली होती. अडचण होती ती शाळेत मुलगी पाठवण्याची. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-पू धुवायचे, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या रोग्याचे उष्टे-खरकटे काढायचे. सोवळे पाळणाऱ्या घराला यातले एकही काम मानवणारे नव्हते. त्यामुळे इस्पितळातील शिकलेल्या परिचारिका बहुतांशी युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत. बाळंतपणे गावोगावच्या सुइणी करीत. त्यांचे हात सर्वांना हवे असत, त्यांचा स्पर्श मात्र बारा दिवसांनी धुऊन टाकला जाई.

या पार्श्वभूमीवर रमाबाई रानडे यांचे काम पाहावे लागते. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या. पतीने त्यांना शिकवायला घेतले आणि घरातल्या बायकांनी त्यासाठी त्यांना बोल लावले. शिकणाऱ्या बाईला स्वतःच्याच माजघरात काय सोसावे लागते, हे त्यांनी अनुभवले होते. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. पुढे मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढले, तेव्हा अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. आणि १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन त्यांच्या राहत्या वाड्यातच सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासारखा भारत सेवक समाजाचा कसलेला कार्यकर्ता संघटनेसाठी त्यांच्यामागे उभा होता.

शिवण, लेखन-वाचन, शिक्षिकांचे वर्ग यांना समाजाने फारशी हरकत घेतली नाही. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी मुली पाठवायच्या म्हटल्यावर मात्र कुरकुर सुरू झाली. रमाबाई पुनःपुन्हा आवाहन करीत राहिल्या, तेव्हा काही तरुण विधवा पुढे आल्या. ज्यांना घरात पोळपाट आणि शापवाणी यांपलीकडे काही उरले नव्हते, त्यांच्यापुढे स्वतःच्या कमाईची एक वाट उघडली.

सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभाची हकीकत प्रसिद्ध आहे. पारंपरिक विधवावेशातील, डोईवर पदर घेतलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला आली, तेव्हा सज्जातल्या कॉलेजातील मुलांनी हुर्यो उडवली. रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलांना खडसावले : तुम्ही स्वतःला शिकलेले म्हणवता, पण अशीच एखादी बहीण, आत्या किंवा आई तुमच्याही घरात असेल, तिला तुम्ही असेच हसणार काय? सभा चिडीचूप झाली.

मला या प्रसंगात परिचारिका-शिक्षणाच्या पुढाऱ्याचे खरे काम दिसते. शरीरशास्त्र शिकवायला डॉक्टर होते, खाटा ससूनमध्ये होत्या. उणीव होती ती रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला निर्धास्त टेकता येईल अशा छपराची, आणि चारचौघांत तिची बाजू घेणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची. सेवासदनाने वसतिगृह दिले. रमाबाईंनी रानडे या नावाची सारी पत त्या मुलींच्या पाठीशी लावली. आपली प्रतिष्ठा दुसऱ्याच्या कामी खर्च करणे ही देणगीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. हे काम 'सेवा' ठरले ते उच्चवर्णीय विधवा त्यात आल्यावर. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणाऱ्या सुइणींना हा मान कुणी दिला नव्हता, आणि पुढेही तो त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचला. रमाबाईंनी दार उघडले; उंबऱ्यावरचा विटाळ पुरता पुसला गेला नाही.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला, १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. कायद्याने विद्येला दर्जा दिला. १९६२ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीटही काढले.

त्याच्या कितीतरी नंतर आमच्या घरात आत्याची नोकरी 'सरकारी' या शब्दामागे दडवली जात होती. तिचा पांढऱ्या टोपीतला एक फोटो माझ्याकडे आहे. तो आजवर कपाटात होता. यंदा दिवाळीची झाडलोट करताना तो मी दिवाणखान्यात, नानांच्या तसबिरीशेजारी लावला आहे. कुणी विचारले, तर ती नर्स होती असेच सांगतो.