डिस्क गोल्फचा जनक कोण? : फावल्या वेळच्या एका खेळाच्या इतिहासलेखनाचा प्रश्न

प्रस्तावना

इतिहासाच्या वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत 'जनक कोण?' हा प्रश्न हमखास असतो. एक गुण, एक नाव, आणि तपासणाऱ्याचीही सोय. प्रस्तुत लेखकानेही असे प्रश्न अनेकदा काढले आहेत. परंतु खेळांचा, त्यातही केवळ मौजेखातर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा इतिहास अभ्यासू लागले, म्हणजे हा प्रश्नच मुळात योग्य आहे काय, अशी शंका येऊ लागते. विटीदांडूचा जनक कोण, असे आपण विचारत नाही. तो खेळ पोरांनी रचला व पोरांनीच पुढे नेला, हे आपण गृहीत धरलेले असते. मात्र जो खेळ विसाव्या शतकात, पेटंट व व्यापारचिन्हांच्या काळात वाढला, त्याच्या बाबतीत उत्तर आधीच तयार असते. कारण नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात एक नाव लिहिलेले असते.

अमेरिकेत उदयास आलेला डिस्क गोल्फ हा खेळ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्याचा जनक म्हणून एड हेडरिक यांचे नाव सर्वत्र दिले जाते. हे उत्तर चुकीचे आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. त्या एका नावामागे कोण झाकले गेले आणि ते कोणत्या कारणाने झाकले गेले, याचा शोध घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

खेळाचे स्वरूप

आपल्याकडील वाचकांस हा खेळ फारसा परिचित नसल्याने त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गोल्फमध्ये चेंडू काठीने टोलवून खळग्यात घालतात. येथे काठी नाही, चेंडू नाही व खळगाही नाही. ठरलेल्या जागेवरून प्लॅस्टिकची तबकडी फेकायची, ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकायची, आणि अखेरीस लोखंडी खांबाला लटकणाऱ्या साखळ्यांवर आदळून ती खालच्या टोपलीत पडली की एक टप्पा पूर्ण होतो. असे ९ किंवा १८ टप्पे असतात. ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो विजयी. दूर जाणारी, मध्यम पल्ल्याची व टोपलीजवळ वापरायची अशा तबकड्या वेगवेगळ्या असतात आणि त्यांचे वजन साधारणपणे पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते. तथापि हौशी माणसाचे काम एका तबकडीवरही भागते. बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत व अनेक ठिकाणी प्रवेशशुल्क नसते. गोल्फ हा क्लबाच्या सभासदत्वाचा खेळ. त्याचे हे भावंड मात्र बागेत रमले. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

तबकडीची पूर्वपीठिका

फेकण्याच्या तबकडीचा इतिहास बऱ्यापैकी ज्ञात आहे. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे फ्रिस्बी नावाची पाय बनविणारी बेकरी होती. तिच्या पत्र्याच्या ताटल्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकत, असे सांगितले जाते. कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन यांनी १९३७ च्या सुमारास केकच्या ताटल्या समुद्रकिनाऱ्यावर विकावयास प्रारंभ केला. युद्धात वैमानिक म्हणून काम केल्यानंतर त्यांनी प्लॅस्टिकची तबकडी घडविली. १९५५ मध्ये 'प्लूटो प्लॅटर' सिद्ध झाली, १९५७ मध्ये तिचे हक्क व्हॅम-ओ या खेळणी कंपनीने घेतले आणि त्याच वर्षी तिला 'फ्रिस्बी' हे नाव दिले. हेडरिक या कंपनीत १९६४ मध्ये आले. तबकडीच्या पाठीवर समकेंद्री रेषांचे उंचवटे ठेवल्यास ती हवेत स्थिर राहते, या सुधारणेचे पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळाले. येथवर सारे काही कागदोपत्री आहे. अडचण सुरू होते ती तबकडीने गोल्फ खेळण्याच्या कल्पनेपासून.

दप्तराबाहेरचे खेळाडू

कॅनडातील सास्काचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचे लहानसे गाव आहे. १९२६ मध्ये तेथील शाळेच्या आवारात रोनाल्ड गिब्सन व त्यांचे सवंगडी डब्यांची पत्र्याची झाकणे फेकून गोल्फ खेळत. वाळूत सुमारे चार फूट रुंदीची वर्तुळे आखलेली असत, आणि झाकण वर्तुळात पडले की तो टप्पा संपे. खेळाला त्यांनी 'टिन लिड गोल्फ' असे नावही दिले होते. मुले मोठी झाली, पांगली, आणि खेळ संपला. प्लॅस्टिकच्या तबकडीच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. परंतु या खेळापासून पुढील खेळाकडे जाणारा कोणताही धागा दाखविता येत नाही. ज्याला वारस नाही, त्याला जनक म्हणावे काय?

१९६० च्या दशकात तर हीच कल्पना एकमेकांचा पत्ता नसलेल्या अनेक ठिकाणी उगवलेली दिसते. टेक्सासमधील राइस विद्यापीठाचे विद्यार्थी १९६४ च्या सुमारास झाडांना लक्ष्य करून स्पर्धा भरवीत. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहराच्या पेंडल्टन किंग उद्यानात कचऱ्याची मोठाली पिंपे हीच लक्ष्ये होती. अन्यत्र दिव्याचे खांब, पाण्याचे नळ, जे समोर दिसेल ते चाले.

परंतु या सर्वांत लक्षणीय आहेत ते दोन नगरसेवेतील कर्मचारी. केव्हिन डॉनेली हे कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच नगराच्या करमणूक विभागात काम करीत. १९५९ पासून ते स्वतः रस्त्यावर हा खेळ खेळत होते. १९६१ पासून त्यांनी आपल्या देखरेखीखालील क्रीडांगणांवर मुलांच्या स्पर्धा सुरू केल्या व १९६५ मध्ये शहरपातळीवरील स्पर्धा घेतली. लक्ष्य म्हणून हुला-हूपची कडी ठेवली होती. नियम छापलेले होते. प्रत्येक टप्प्याची लांबी, अपेक्षित फेकी, दंड व बक्षिसे ठरलेली होती. व्हॅम-ओ कंपनीने स्पर्धेला साहाय्य केले आणि खुद्द मॉरिसनही उपस्थित होते. त्याच वर्षी जॉर्ज सॅपेनफील्ड या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने, उन्हाळी सुटीत मुलांच्या क्रीडांगणावर काम करीत असताना, स्वतंत्रपणे असाच खेळ मांडला. पुढे थाउझंड ओक्स येथे उद्यान व करमणूक विभागात पर्यवेक्षक झाल्यावर त्याने प्रौढांसाठी स्पर्धा आखली आणि व्हॅम-ओकडून तबकड्या व कडी मागवून घेतली.

येथे क्षणभर थांबणे इष्ट होईल. छापील नियम, आखलेले मैदान, नियमित स्पर्धा ही खेळाची संस्था सिद्ध होण्याची लक्षणे मानली, तर १९६५ च्या न्यूपोर्ट बीचमध्ये ती सर्व आढळतात. तरीही डॉनेली यांचे नाव दीर्घकाळ या इतिहासात दुय्यम राहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपातच आहे. नगराच्या नोकरीत असलेला माणूस मुलांना सुटीत काहीतरी उद्योग द्यावा म्हणून खेळ मांडतो, तेव्हा तो आपला शोध नोंदवीत नाही. मोसम संपला की कडी कोठीघरात जातात. आपल्याकडील शाळांतील क्रीडाशिक्षकांनी असे किती खेळ मांडले आणि मोडले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला आहे?

याच सुमारास पूर्वेकडे, न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे, जिम पाल्मेरी व त्यांचे मित्र १९७० पासून नियमाने हा खेळ खेळत होते. १९७४ मध्ये त्यांनी खुली राष्ट्रीय स्पर्धा भरविली व बक्षीस म्हणून नवीकोरी डॅट्सन मोटार ठेवली. हौसेचे हे धाडस पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते.

हेडरिक आणि साखळ्यांची टोपली

मग हेडरिक यांचे श्रेय नेमके कोणते? १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह उद्यानात (आजचे हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क) त्यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान उभारले. येथील लक्ष्ये प्रारंभी नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की चाटून गेली, यावरून वाद होत. खळग्यात गेलेला चेंडू दिसतो. खांबाला झालेला स्पर्श कोण सिद्ध करणार? या अगदी व्यावहारिक अडचणीतून साखळ्या व टोपली यांची रचना पुढे आली. उडत्या तबकडीला साखळ्या थोपवितात, तिचा वेग शोषून घेतात व ती खाली पडते. साखळ्यांचा खणखणाट हीच पंचाची ग्वाही. या साधनाचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले.

हेडरिक यांनी व्हॅम-ओ सोडून मैदाने उभारण्याचा स्वतंत्र व्यवसाय केला, १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संघटना स्थापली व तिचे सभासदत्व क्रमांक १ स्वतःकडे ठेवले. त्यांचे खरे कर्तृत्व प्रस्तुत लेखकास येथे दिसते. खेळ त्यांनी रचला नाही, त्याला मुक्काम दिला. कडी उचलून नेता येत होती. सिमेंटमध्ये रोवलेला खांब मात्र पर्यवेक्षकाची बदली झाली तरी जागेवर राहतो. कोणीही, कोणत्याही दिवशी, कोणाच्याही परवानगीवाचून यावे आणि खेळावे, ही सोय खऱ्या अर्थाने त्या खांबाने केली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी संघटनेचा कारभार खेळाडूंच्या हाती सोपविला, हेही नमूद केले पाहिजे. पेटंटधारकाच्या बाबतीत ही गोष्ट सहसा घडत नाही.

१९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी निमुळत्या कडेची तबकडी आणली व फेकीचा पल्ला वाढला. पुढील व्यावसायिक वाटचाल, अगदी २०२१ मध्ये पॉल मॅकबेथ या खेळाडूने डिस्क्राफ्ट कंपनीशी केलेल्या १० वर्षांच्या १ कोटी डॉलरच्या करारापर्यंतची, येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. हौशी खेळाडूंचा इतिहास त्याहून निराळा आहे. २०२० च्या महासाथीत बंदिस्त क्रीडागृहे ओस पडली, तेव्हा उघड्यावर, अंतर राखून खेळता येणाऱ्या या छंदाकडे नवे लोक मोठ्या संख्येने वळले.

नावाचा प्रश्न

'फ्रिस्बी' हे कंपनीचे नोंदणीकृत चिन्ह असल्याने खेळाला ते नाव देणे अडचणीचे होते. म्हणून 'डिस्क गोल्फ' हा शब्दप्रयोग रूढ झाला, आणि तोही हेडरिक यांनी नोंदवून घेतला. फिनलंडमध्ये मात्र लोक आजही 'फ्रिस्बीगोल्फ' असेच म्हणतात. नाव कोणाचे लागते यावर इतिहास कसा फिरतो, हे पुण्याच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. येथील छावणीत इंग्रज अधिकारी खेळत असलेला फुलाचा खेळ 'पूना' या नावानेच ओळखला जाई. तो इंग्लंडला गेला आणि ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट यांच्या वाड्यावरून बॅडमिंटन झाला.

हेडरिक यांचे ऑगस्ट २००२ मध्ये निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून मोजक्या तबकड्या घडविण्यात आल्या. संघटनेचे मुख्यालय व या खेळाचे संग्रहालय २००७ पासून जॉर्जिया राज्यात ॲपलिंग येथील एका सार्वजनिक उद्यानात आहे. ॲपलिंग ज्या कोलंबिया काउंटीत येते ती ऑगस्टाला लागून आहे. ज्या ऑगस्टात मास्टर्स ही जगप्रसिद्ध गोल्फ स्पर्धा एका खाजगी क्लबाच्या आवारात भरते, तेथलेच पेंडल्टन किंग उद्यान. आणि तेथेच १९६० च्या दशकाच्या प्रारंभी काही जण कचऱ्याच्या पिंपात तबकड्या टाकून फेकी मोजत होते.