कोरेगावचा शिपाई फलटणीत का गेला?

दर डिसेंबरच्या शेवटी आमच्या वाशीममधून कोरेगाव भीमाला गाड्या निघतात आणि त्याच सुमाराला व्हॉट्सॲपवर दोन मेसेज फिरू लागतात. एकात आपल्या पूर्वजांना इंग्रजांचे हस्तक, गद्दार ठरवलेलं असतं. दुसरा आपल्याच पोरांचा असतो: पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना कापून काढलं, जातीचा सूड घेतला. पहिल्याला उत्तर द्यायलाच हवं. पण दुसराही मला पुरेसा वाटत नाही. बाबा, तू फलटणीत कशासाठी गेलास, हे त्या शिपायाला दोन्हींपैकी कुणीच विचारत नाही.

मित्रांनो, आधी नोंदी पाहू. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनकडे आठशेच्या वर माणसं होती. त्यातले सुमारे ५०० मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे पायदळ शिपाई, बाकी घोडेस्वार आणि मद्रासच्या तोफखान्यातले मूठभर गोरे. पेशव्यांची एकूण फौज २८ हजारांच्या घरात, पण गावात घुसून लढली ती दोनेक हजारांची, त्यात अरबांचा मोठा भरणा. विजयस्तंभावर मृतांची ४९ नावं आहेत, त्यातली २२ 'नाक' प्रत्ययाची, म्हणजे महारांची. बाकीच्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत. जवळजवळ निम्मे हुतात्मे आपले, हे सत्य पुरेसं मोठं आहे. त्याला फुगवायची गरज नाही.

एकाच मुलखातली माणसं दोन्हीकडे होती. कंपनी परकी होती खरी, पण शिपायाच्या जागेवरून बघितलं तर ही यादवीच होती. खर्ड्याच्या लढाईत, १७९५ साली, सिदनाक महार मराठ्यांच्या बाजूने लढल्याची कथा आपणच सांगतो. त्याच कथेत छावणीतल्या त्याच्या राहुटीला विटाळाच्या नावाखाली हरकत घेतली गेल्याचंही येतं. तलवार चालते, राहुटी चालत नाही. अशा राज्याशी निष्ठा कशाची आणि गद्दारी कुणाशी?

बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ ला कोरेगावला हा प्रश्न सरळ अंगावर घेतला होता. इंग्रजांच्या बाजूने लढणं यात भूषण नाही असं कुणी म्हणेल, पण ते तिकडे का गेले? तुम्ही अस्पृश्य मानलं, पोट भरायला साधन ठेवलं नाही म्हणून गेले, असा त्यांचा आशय होता. सूड हा शब्द त्यांना लागला नाही.

पगाराची गोष्ट हलकी समजू नका. कंपनीच्या शिपायाला महिना साधारण सात रुपये रोख मिळत. ज्याला गावकीची कामं केल्यावर घरोघरची शिळी भाकरी मिळायची, त्याच्या हातात नाणं पडणं म्हणजे काय, हे आपल्या आजोबांना विचारा. आणि शिपायाचा पगार इतिहास कसा फिरवतो, ते वाशीमकरांना तर माहीत हवं. निजामाने हैदराबाद कंटिंजंटचा खर्च थकवला म्हणून १८५३ च्या तहाने आपला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच कंटिंजंटची छावणी शेजारी हिंगोलीला होती. अख्खा प्रांत फौजेच्या पगारापायी गहाण पडला, आणि आपण शिपायाला विचारतो, पैशासाठी लढलास का!

पण पैसा हे अर्धंच उत्तर. छावणीत शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांच्या घरात पुस्तक होतं, नंतर पेन्शन होती. वर्दी घातलेल्या माणसाला वाट सोडून उभं राहायला कुणी सांगत नव्हतं. १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताखाली महारांची भरती बंद झाली तेव्हा हे सगळं एकदम गेलं. म्हणून निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळेंनी थेट विलायतेला निवेदन धाडलं. १९१७ ला महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ ला मोडली. पुन्हा महार रेजिमेंट मिळायला १९४१ उजाडलं, तेही बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत असताना. पगारासाठीच जायचं असतं तर गिरण्या होत्या, गोद्या होत्या. माणसं बंदूक मागत राहिली.

अमेरिकेतल्या यादवीतही हेच दिसतं. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले. गोऱ्याला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे. उरले सात! (सातचा आकडा इथेही, योगायोगच.) तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या रेजिमेंटने वर्षभराहून जास्त काळ पगारच नाकारला, पण लढणं सोडलं नाही. १८६४ ला सरकारने समान पगार मान्य केला. त्यांना पैसा नको होता असं नाही, बरोबरीचा हवा होता. याच लढ्याने गुलामी संपली म्हणून जोतीरावांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेच्या लोकांना अर्पण केली.

आज पहाटे हिंगोली रोडवर आपलीच पोरं भरतीसाठी धावताना दिसतात. काहींच्या टी-शर्टवर विजयस्तंभ असतो. त्यांना मी एकदा विचारलं, कशासाठी? एकजण म्हणाला, "दादा, घर बांधायचं हाय." दुसरा म्हणाला, "वर्दी पाहिजे." २०२२ पासून शिपायाची भरती अग्निपथमधून होते. चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही, पुढे कायम होणार शंभरातले पंचवीस. हे त्यांना माहीत आहे, तरी धावतात.